तोंडात बघणारे बाविस्कर

प्रल्हाद बाविस्कर माणसाच्या डोळ्यांत बघून कधी बोलले नाहीत. ते तोंडात बघायचे. तुम्ही त्यांना वेळ विचारा, रस्ता विचारा, की घरात कुणी आजारी असल्याचं सांगा. त्यांची नजर तुमच्या ओठांवरून दातांवर, दातांवरून जिभेच्या शेंड्यावर जायची आणि तिथेच मुक्काम ठोकायची. तुमचं सांगून झालं की ते समाधानाने मान हलवून म्हणायचे, "टाळू उत्तम आहे."

पहिल्या दिवशी मला वाटलं, सकाळच्या पोह्यांतली कोथिंबीर दाताला चिकटलीय. दिवसभर मी ओढणी तोंडाशी धरून वावरले. संध्याकाळी त्यांनीच खुलासा केला. "तुमचा 'ळ' फार सुंदर आहे. हल्ली असा 'ळ' मिळत नाही." आयुष्यात एखाद्या पुरुषाने माझ्या रूपाची केलेली ती पहिली तारीफ. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माझी अपेक्षा थोडी वेगळी होती.

सुरतेत प्लेग होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्या दिवसांत सगळं शहर तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं म्हणे. बाविस्करांनी ते दिवस कसे काढले असतील, याचा मी पुढे बरेचदा विचार केला.

आम्ही भेटलो ते एका धर्मादाय रुग्णालयात. तिथे लहान मुलांच्या वाचा आणि भाषा उपचारांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्यानेच सुरू झाला होता. न बोलणारी, अडखळणारी, टाळू फाटलेली मुलं तिथे यायची आणि आम्ही त्यांना बोलतं करायला शिकायचो. विद्यार्थी चौघं. हेतल आणि जिग्ना या दोन सुरती मुली, ज्या एकाच स्कूटरवरून यायच्या, एकाच डब्यात जेवायच्या आणि एकाच वेळी हसायच्या. तिसरी मी. वडिलांच्या नोकरीपायी अमरावतीहून इकडे आलेली. आणि चौथे बाविस्कर, वय वर्षं एक्केचाळीस. मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे, नवागामला एका खोलीत एकटेच राहायचे, आणि शाळेकडून महत्प्रयासाने दोन वर्षांची रजा मिळवून आले होते. ही रजा एकदाच, पुन्हा मागायला यायचं नाही, असं हेडमास्तरांनी त्यांना लेखी कळवलेलं होतं.

हेतल-जिग्ना त्यांना अंकल म्हणायच्या. ते त्यांना मुळीच आवडलं नाही. "मी आपला सहाध्यायी आहे," ते म्हणाले. "सहाध्यायी म्हणा." त्या बिचाऱ्यांच्या तोंडात तो शब्द मावेना. मग बाविस्करांनी खिशातून छोटा आरसा काढला आणि दोघींकडून पंधरा मिनिटं 'सहाध्यायी' घोटून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा अंकलच म्हणायला लागल्या, पण आरसा बघून.

हा आरसा त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असे. सोबत लाकडी चपटी पट्टी, मेणबत्तीचे दोन तुकडे आणि कागदात बांधलेला गुळाचा खडा. ही सगळी आमच्या धंद्याची हत्यारं. मुलाची जीभ वर उचलली जात नसेल तर वरच्या दातांमागे जरासं गोड लावायचं, म्हणजे चाटण्याच्या लोभाने जीभ आपोआप वर जाते. पुस्तकात मध सांगितला होता, बाविस्करांनी गूळ आणला. त्यामुळे त्यांच्या खिशात मुंग्यांची एक वसाहत झाली. व्याख्यान ऐकताना ते मधूनच छातीवर चापट मारायचे आणि देसाई मॅडमना वाटायचं, आपला मुद्दा त्यांच्या काळजाला भिडला.

देसाई मॅडम आमच्या मुख्य शिक्षिका. अस्सल सुरती, मनाने लोण्यासारख्या आणि आवाजाने फौजदार.

मेणबत्तीची तर फार मोठी भानगड झाली. फुंकर नीट मारता यावी म्हणून मुलाला पेटती मेणबत्ती विझवायला लावतात. बाविस्करांचा उत्साह दांडगा. प्रत्येक फुंकरीला ते टाळ्या पिटायचे. आठवड्याभरातच त्यांच्या सगळ्या बालरुग्णांनी आपापल्या परीने अर्थ लावला, की आज आपला वाढदिवस आहे. घरी जाऊन त्यांनी केक मागितला. एक बोहरी आजोबा थेट मॅडमच्या खोलीत आले आणि हात जोडून म्हणाले, "बहेन, आमच्या नातवाचा दर मंगळवारी बर्थडे येतो. आम्ही काय करायचं?"

बाविस्कर यातही आनंदात. "पण 'केक' म्हणाला ना? 'क' आला!"

त्यांची सगळ्यांना एकच सूचना असे, "सावकाश आणि स्पष्ट." बसच्या कंडक्टरला, भाजीवाल्या मावशीला, लग्नात मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींना. एकदा तर हद्दच झाली. सुरतेच्या लोकांच्या तोंडी 'स'चा 'ह' होतो, हे तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यांचं सुरत म्हणजे हुरत. आम्ही स्टेशनवरून रिक्षाने येत होतो आणि बाविस्करांनी रिक्षावाल्याला खांद्यावर हात ठेवून समजावलं, की बाबा रे, जीभ दातांमागे आण आणि म्हण, सुरत. सावकाश आणि स्पष्ट. रिक्षावाल्याने रिक्षा बाजूला घेतली. त्यानंतर तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुरती माणूस प्रेमाने बोलला तरी चार शिव्या असतात, आणि हा प्रेमाने बोलत नव्हता. आम्ही निमूट उतरलो. रिक्षा दिसेनाशी झाल्यावर बाविस्कर म्हणाले, "ऐकलंत? शिव्यांत 'स' स्वच्छ येतोय. म्हणजे जीभ निर्दोष आहे. फक्त सवय वाईट."

आणि यांचं स्वतःचं बोलणं? क्रमिक पुस्तकातून नुकतंच उतरून आलेलं. चहाच्या टपरीवर ते "एक पेला चहा द्यावा" म्हणायचे. लिंबायत-उधन्याच्या त्या गर्दीत, जिथे एका वाक्यात मराठी, गुजराती आणि हिंदी खांद्याला खांदा लावून उभ्या असतात, तिथे हा गृहस्थ 'कृपया' म्हणायचा. माझ्या तोंडून कधी वऱ्हाडी "काय करून राहिले?" निघालं की त्यांच्या चेहऱ्यावर दाढदुखी उमटायची. स्वतःचं गाव विचारलं तर म्हणायचे, "नाशिक विभाग." आता नाशिक विभाग हे काही गाव नव्हे. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या नावाने आलेलं एक पोस्टकार्ड माझ्या हातात पडलं तेव्हा कळलं, गाव शिंदखेड्याजवळचं. म्हणजे अहिराणीच्या मुलखातलं. पांडेसऱ्याच्या गिरण्यांत कापड रंगवणारे निम्मे लोक तिकडचे. पण बाविस्करांच्या तोंडून अहिराणीचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता.

एवढं सगळं असून त्यांना मुलांना बोलतं करता येत नव्हतं. कारण साधं होतं. ते मुलांना बोलूच द्यायचे नाहीत.

आम्ही एकमेकांचे वर्ग शेजारच्या खोलीतून बघायचो. परदेशी पुस्तकांत यासाठी एकाच बाजूने दिसणारी काच असते. आमच्याकडे खिडकी होती आणि तिच्यावर आखूड पडदा. मुलांना पडद्याखालून आमच्या माना दिसत नसल्या तरी हातातले वडे दिसायचे. आतमध्ये बाविस्कर चित्र उचलायचे. "हा कोण? सांग बरं. कुत्रा ना? हो, कुत्रा! कुत्रा कसा ओरडतो? भू भू! शाब्बास! किती छान सांगितलंस!" मुलगा गप्प. त्याने काहीच सांगितलेलं नसायचं. शेवटी खिडकीतून मॅडमचा आवाज यायचा, "बाविस्करभाई, छोकरो बोलशे के तमे?" म्हणजे मुलगा बोलणार की तुम्ही? मग त्या प्रश्नाचं उत्तर ते दहा मिनिटं द्यायचे.

दुसऱ्या वर्षी परीक्षेसाठी प्रत्येकाला एक मूल नेमून दिलं गेलं. सहा महिने उपचार करायचे आणि शेवटी मुंबईहून येणाऱ्या परीक्षकांपुढे त्या मुलाला बसवायचं. मूल बोललं तर तुम्ही पास. बाविस्करांच्या वाट्याला ज्योती आली.

ज्योती चार वर्षांची. वडील हिरामण पांडेसऱ्याला रंगाईच्या कारखान्यात कामाला, त्याच्या नखांत कायम निळा रंग भरलेला. आई सुमनबाई घरी साड्यांना टिकल्या लावायची. पहिल्या दिवशी सुमनबाईच बोलल्या. "गावले व्हती तव्हय बोले. 'माय, दूद' म्हने. आठे उनूत नि उगी बठनी." गावाला होती तेव्हा बोलायची, इथे आलो आणि गप्प झाली. मग बाईंनी अर्धा तास गावच्या गोष्टी सांगितल्या. शेजारणीची बकरी घरात शिरून पिठाच्या डब्यात तोंड अडकवून बसली, ती गोष्ट तर साभिनय. ज्योती आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. बकरीपाशी आल्यावर ती खुदकन हसली. आम्ही चौघं हातात वह्या घेऊन बसलो होतो, पण ते कुणीच लिहून घेतलं नाही. बाविस्करांनी फक्त एक ओळ लिहिली, 'मातेची भाषा अशुद्ध.'

त्या काळी आम्हाला शिकवलं जायचं, की मूल बोलायला उशीर करत असेल तर घरात एकच भाषा ठेवा, खिचडी नको. आम्ही सगळेच पालकांना तसं सांगायचो. मीही सांगितलं आहे आणि आता आठवलं की ओशाळायला होतं. पण आम्ही सांगून मोकळे व्हायचो, बाविस्कर पाठीस लागायचे. त्यांनी एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'या घरात केवळ शुद्ध मराठी बोलावी.' खळ घेऊन पांडेसऱ्याला गेले आणि सुमनबाईंच्या दारावर आतून चिकटवून आले. बाईंना पहिलीचं पुस्तक दिलं. दर गुरुवारी ज्योतीआधी तिच्या आईचा वर्ग व्हायचा.

"म्हणा, बाळ, तू दूध पिणार आहेस का?"

"बाळ, तू दूद..."

"दूध. 'ध'. सावकाश आणि स्पष्ट."

बाई पदराने घाम पुसायच्या.  आम्ही पडद्याआड हसायचो. आता आठवतं ते हसू, आणि बरं वाटत नाही.

चार महिने झाले. ज्योती आधी निदान "माय" म्हणायची, तेही थांबलं. बाविस्करांनी औषधाची मात्रा वाढवली. आणखी चित्रं आणली, आणखी गूळ आणला. मुंग्या वाढल्या, ज्योती वाढेना. परीक्षा सहा आठवड्यांवर आली आणि मॅडमनी फर्मान काढलं, की घरी जाऊन बघून या. विद्यार्थ्यांनी अधिकृत घरभेट एकट्याने करायची नाही असा नियम होता, म्हणून सोबत मी.

ठरलेला दिवस गुरुवार. पण हिरामणची कारखान्याची सुट्टी बदलल्याचं कळलं, तेव्हा बाविस्कर म्हणाले, वडीलही भेटतील, आजच जाऊ. निरोप धाडायला वेळ नव्हता. पांडेसऱ्याला बसमधून उतरलो तेव्हा नाल्यातून त्या दिवशी गुलाबी पाणी वाहत होतं. बाविस्कर वाटेभर मला जिभेच्या मुळाशी असलेल्या स्नायूंबद्दल सांगत होते.

दार उघडं होतं. आम्ही उंबऱ्याशी थबकलो, कारण आत काहीतरी विचित्र चाललं होतं.

सुमनबाई साडीला टिकल्या लावत होत्या. हिरामण भिंतीला टेकून बसला होता. ज्योतीने आईचा गुडघा हलवला आणि ओंजळ तोंडाशी नेली. सुमनबाईंनी माठाकडे बोट केलं. ज्योती पाणी प्यायली. हिरामणने दोन बोटं ओठांशी नेली, बाईंनी मान हलवून स्टोव्हकडे हात केला, म्हणजे चहा नंतर. मग ज्योतीने बापाकडे बघून गाल फुगवले, त्यानेही फुगवले, दोघं आवाज न करता हसली. सगळं कसं सुरळीत, सवयीचं. दारावर पांढरा पुठ्ठा. त्या घरातून भाषाच हद्दपार झाली होती.

सुमनबाईंची नजर आमच्यावर गेली आणि त्या धडपडून उठल्या. हात जोडले. घसा खाकरला. चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखी भीती. "या सर. आपण... बसा... आहात का?"

"तुम्ही घरात बोलत का नाही?" बाविस्करांनी विचारलं.

 हिरामणच म्हणाला, "सर, तुम्हीच सांगं ना. ते बोलनं आमले येत नही. मंग ही म्हने, चुकीनं बोलापेक्षा उगी बठेल बरं. पोरगीनं वाटोळं नको."

चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. चार महिने ही माणसं आपल्याच घरात, आपल्याच लेकराच्या भल्यासाठी तोंड शिवून बसली होती. बाविस्करांचा शब्द त्यांनी आमच्यापैकी कुणीही पाळला नसता इतका पाळला होता.

मी बाविस्करांकडे पाहिलं. आता ते भाषण सुरू करतील असं वाटलं. पण नाही. ते दाराकडे वळले. मग त्यांनी खिशातली ती लाकडी पट्टी काढली आणि दारावरचा पुठ्ठा खरवडायला लागले. खळ पक्की होती. पुठ्ठा तुकड्यातुकड्यांनी निघत होता. 'शुद्ध' काही केल्या निघेना. तो त्यांनी नखांनी काढला. मग ते खाली जमिनीवर मांडी घालून बसले आणि सुमनबाईंच्या तोंडाकडे न बघता, त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाले,

"ताई, मी चुकनू. तू तुनी बोली बोल. पोरले आयकू दे."

 वर्षानुवर्षं न उघडलेल्या कडीसारखे ते शब्द अडकत बाहेर आले. सुमनबाईंचं तोंड उघडं राहिलं. हिरामण भिंतीपासून सरळ झाला.

आणि तेवढ्यात ज्योतीने आईचा पदर ओढला, बाविस्करांकडे बोट केलं आणि मोठ्याने बातमी दिली.

"माय! सर बोलना!"

सर बोलले. बाविस्कर त्या मुलीशी चार महिने अखंड बोलत होते. तिच्या हिशेबी मात्र ते आज पहिल्यांदा बोलले होते. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले, आणि मी दोन्हींतलं काहीच आवरलं नाही. सुमनबाई तर सुटल्याच. चार महिन्यांचं साठलेलं सगळं, शेजारीण, पाणी, टिकल्यांचा शेठ, सरांच्या पहिलीच्या पुस्तकातलं ते कंटाळवाणं बाळ, सगळ्यांचा त्यांनी अहिराणीत उद्धार केला. ज्योती मध्येमध्ये शेवटचा शब्द उचलून परत म्हणत होती. बाविस्कर मान खाली घालून ऐकत होते.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. उधन्याच्या फाटकापाशी बस थांबली तेव्हा बोलायला लागले.

"मी शाळेत गेलो तेव्हा मास्तरांनी मला उभं करून सगळ्या वर्गाला हसवलं होतं. 'माले' म्हणालो म्हणून. मी ठरवलं, आपल्याला कुणी पुन्हा हसणार नाही. आणि नाही हसलं कुणी." मग म्हणाले, "आईला इथे आणली. वडील गेल्यावर. ती 'माले' म्हणायची आणि मी प्रत्येक वेळी सांगायचो, आई, मला म्हण. शेजारी ऐकतात. प्रेमाने सांगायचो हो. वर्षभरात ती बोलायची बंद झाली. मी सगळ्यांना सांगायचो, वय झालं, ऐकू कमी येतं. पाच वर्षं, ती जाईपर्यंत, त्या खोलीत आम्ही दोघं होतो. मी बोलत होतो."

फाटक उघडलं आणि बस हलली.

"तिला सगळं ऐकू येत होतं," बाविस्कर म्हणाले. "तिचा आवाज आठवायला जातो, तर आठवत नाही. इतक्या लोकांच्या तोंडात बघितलं. तिच्याकडे बघितलं नाही."

परीक्षेला मुंबईहून एक बारीक चष्म्याचे गृहस्थ आले. बाविस्करांनी चित्रं ठेवली नाहीत, आरसा काढला नाही. सुमनबाईंना आत बसवलं आणि ज्योतीशी अहिराणीत बकरीची गोष्ट सुरू केली. अर्ध्यात ते मुद्दाम चुकले. बकरीने पिठाऐवजी तांदळात तोंड घातलं, असं म्हणाले. "नही वं! पीठमा!" ज्योती ओरडली आणि पुढची गोष्ट तिनेच सांगितली. परीक्षकांनी तिला विचारलं, "बाळ, तुझे नाव काय आहे?" ज्योतीने त्यांना न्याहाळलं आणि बाविस्करांना विचारलं, "हाऊ काय बोली राहिना?" म्हणजे, हा काय बोलतोय?

परीक्षकांना ते काही भावलं नाही. शिवाय बाविस्करांनी दिलेल्या अहवालात एक ओळ होती, 'उपचारकाच्या चुकीमुळे मुलीचं बोलणं चार महिने घटलं.'

"हे उपचारक कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"मी."

"असं कुणी लिहितं का?"

"घडलं आहे, म्हणून लिहिलं," बाविस्कर म्हणाले. बंद दाराआड देसाई मॅडम त्यांच्यासाठी किती भांडल्या ते आम्हाला कॉरिडॉरमध्ये ऐकू येत होतं. त्यांच्याही तोंडी 'स'चा 'ह' झाला होता, आणि काही शब्द त्या रिक्षावाल्याचे होते. बाविस्कर पास झाले. काठावर, आमच्या वर्गात सर्वांत खाली.

नंतर मी त्याच रुग्णालयात कामाला लागले. बाविस्कर शाळेत परतले आणि तिथे दुपारी अडखळणाऱ्या मुलांना बसवून घ्यायला लागले. वर्षभराने एका दुसऱ्या मुलाच्या घरभेटीसाठी मी रविवारी पांडेसऱ्याला गेले होते. म्हटलं, ज्योतीला बघून जावं. ज्योती गल्लीत चार पोरींना दरडावत होती, एकीला गुजरातीत, दुसरीला हिंदीत आणि घरात डोकावून आईला अहिराणीत. आत बाविस्कर गोणपाटावर बसून लसूण सोलत होते. सुमनबाईंचं बोलणं अखंड चालू होतं.

मला बघताच बाई उठल्या, चहाचं पातेलं विसळायच्या निमित्ताने मला दाराबाहेर घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, पोरगी ते आते दिनभर बोलस. मंग सर दर रविवारले काब्र येतस?" काब्र म्हणजे कशाला.

"तुम्हाला अडचण होते का?"

"अडचन कसानी वं! पन काही तपासत नही, काही सांगत नही. नुसता बठतस नि आयकतस. माले काही समजत नही."

सांगावं की नाही, मला कळेना. मग मी त्यांना बाविस्करांच्या आईची गोष्ट सांगितली, थोडक्यात.  सुमनबाई हातातलं पातेलं घेऊन तशाच आत गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी परात ओढली, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ काढलं, आणि आजवर ज्यांना 'सर' म्हणत आल्या त्यांना, स्वतःच्या भावाला बोलावं तसं बोलल्या.

"दादा, आज जेवाले थांब. कळनानी भाकर करस."

बाविस्करांचे हात लसणावर थांबले. सुमनबाई त्यांच्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान असतील.

"थांबस, माय," ते म्हणाले.

तिकडे कुठल्याही बाईला माय म्हणतात, धाकट्या बहिणीलाही, हे मला माहीत आहे. तरी मी चहाची वाट न बघता चपला घालायला बाहेर आले.